शेंड्याकडून जळलेली मेढ

आक्काच्या सासरच्या नव्या घराची मेढ मी जाळली. मेढ म्हणजे घराचा मधला खांब, सगळं छप्पर ज्याच्यावर बसतं तो. जाळायचीच होती, मला तसं सांगितलंच होतं. पण जाळायचं होतं बूड आणि मी जाळला शेंडा. झालं ते एवढंच. आज तीन वर्षांनी मी ‘एवढंच’ म्हणतोय. त्या दोन दिवसांत माझ्या घशाखाली पेज उतरत नव्हती.

मी शहापूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. फायनलला गणितानं मारलं, पण गणिताच्या मास्तरांची नक्कल करण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. वडलांना त्यात काही भविष्य दिसेना. त्यांनी मला शेणव्याच्या एका सुताराकडे शिकायला घातलं. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणायला लागलो. वर्षभरात रंध्यापेक्षा मामांचा आवाजच मला जास्त नीट चालवता यायला लागला. मामा ओठाच्या कोपऱ्यात विडी धरून बोलत, म्हणजे अर्धं बोलणं तोंडातच राहायचं, आणि प्रत्येक वाक्याला शेपूट असायचं, “समजला का सायब?” मी विडी नसतानाही ते हुबेहूब करायचो. लोक हसायचे. मामा सोडून.

तेव्हा लढाई चालू होती. एरवी जमिनीत जाणाऱ्या खांबाच्या बुडाला डांबर फासत. पण डांबर सगळं लष्कराच्या सडकेला जायला लागलं, आमच्या वाट्याला नुसता वास. मग मामांनी त्यांच्या बापाची रीत काढली. जमिनीत जाणारा दोन हात भाग भाताच्या पेंढ्याच्या जाळावर धरायचा आणि फिरवत राहायचा, नखाच्या जाडीएवढा कोळसा होईपर्यंत. वाळवीला लाकूड आवडतं, कोळसा आवडत नाही.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, जमिनीत जाईल तेवढंच जाळायचं. जमिनीच्या वर जळकं लाकूड दिसलं की आमच्याकडे माणसाला मसणाचीच आठवण येते. आणि दोन, झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुडखा खाली, शेंडा वर. उलट्या खांबाच्या घरात माणूस टिकत नाही म्हणतात. खरं-खोटं कोणी करून बघितलेलं नाही, कारण बघायला कोणी उलटा खांब लावतच नाही.

आता आक्काचं सांगतो, नाहीतर या खांबाचं एवढं काय ते कळणार नाही. धसईपासून तासाभराच्या वाटेवर तिचं सासर. लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिलं मूल महिन्याचं होऊन गेलं. त्यानंतर तिच्या सासूनं घराच्या मेढीवर मूठ मारली तर आवाज पोकळ आला. आतून वाळवीनं सगळी खाल्लेली. “या मेढीनंच पोर खाल्लं,” असं म्हणाली आणि आक्काला माहेरी धाडलं. का, तर शेजारी नव्या घराची मेढ उभी राहीपर्यंत सुनेनं इथं राहू नये. ऐकायला काळजीचंच वाटत होतं. पण मेढीला साग पाहिजे. आपल्या मालकीच्या रानातला साग तोडायचा तरी जंगलखात्याचा कागद पाहिजे. कागद यायला वर्ष गेलं. वर्षभर आक्का आमच्या घरी मुकाट भाकऱ्या थापत होती आणि धसईच्या बाजारातून बातम्या येत होत्या. तिची सासू म्हणे कुठं कुठं जाऊन मुली बघते.

मार्गशीर्षाच्या शेवटी मुहूर्त निघाला. तो चुकला की पौष, आणि पौषात कोण मेढ रोवत नाही. त्याच्यापुढं सासू किती थांबणार ते आईनं मला निघताना तोंडानं सांगितलं नाही. बैलगाडीत आक्काच्या शेजारी बसवताना नुसती म्हणाली, “नीट काम कर रे. तिथं जाऊन सोंगं करू नको.”

आम्ही तिघं गेलो, मी, मामा आणि आक्का. सासू तांदूळ घेऊन धसईच्या बाजाराला निघायच्या तयारीत होती, तिथंच बहिणीकडं चार-पाच दिवस राहणार होती. मी तिला मावशी म्हणायचो. तिनं आक्काला जुन्या घरात घेतलं नाही, बाहेरच्या पडवीत बसवलं.

“मेढ उभी राहूदे, मग बघू,” म्हणाली.

“आणि नाय राहिली तर?” हे मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही.

“गाडी हाय ना तुमची,” मावशी म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली.

मामांनी तीन दिवसांत बाकीचे सगळे खांब तासून, बुडं जाळून तयार केले. मेढही तासली. चारी बाजू अशा सरळ की दोन्ही टोकं सारखी, कुठलं कुठलं ते ओळखू येईना. म्हणून शेंड्याच्या टोकाला मामा गेरूची रेघ मारतात. बुडाला मारली तर जळून काळी होईल ना. आणि नेमका तेव्हाच कसाऱ्याहून रेल्वेच्या मुकादमाचा माणूस आला, तातडीनं चला म्हणून. लढाईचे दिवस, नाही म्हणायची सोय नव्हती.

“मुहूर्ताच्या सकाळी येतंय मी,” मामा म्हणाले. “तवर तू मेढीचं बूड जाळून ठेव. बूड. दोन हात. आणखी कायपण करू नको. समजला का सायब?”

समजलं होतं. खरंच समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्याच्या कडेला मी दोन दगड मांडले, त्यावर मेढ आडवी टाकली, खाली पेंढा रचला. शेजारच्या खळ्यावर भात झोडणारी सात-आठ माणसं होती. त्यांच्यात दाजी, म्हणजे आक्काचा नवरा. मला काम करताना बघून एक म्हातारी म्हणाली, “सुतार कुठं गेला? पोरगं जाळतंय का मेढ?”

आता माणसं समोर असली की मला काहीतरी होतं. मी ओठाच्या कोपऱ्यात पेंढ्याची काडी धरली आणि मामा झालो. “म्हातारे, तू भात झोड. लाकडाचं लाकडाला कळतं. समजला का सायब?” खळं हसलं. दाजी हसले. मामा खांब कसा फिरवतात तेही करून दाखवलं. मधोमध एका दगडावर तोलून, एक टोक धरून, कमरेतून वळून अख्खा खांब गरकन फिरवायचा आणि पुन्हा दोन्ही दगडांवर. एकदा फिरवला. पुन्हा म्हणाले, दाखव. पुन्हा फिरवला. मग घाम पुसून पेंढा पेटवला, आणि रेघ न बघताच जे टोक समोर होतं ते जाळावर धरलं.

जाळणं मात्र झकास झालं, हे मला कबूल करायलाच पाहिजे. जाळ लाकडाला नुसता चाटत होता. मी खांब कडेवर फिरवत होतो, थांबत नव्हतो. हळूहळू कोळसा फुटून चौकोनी खपल्या झाल्या, घोरपडीच्या पाठीसारख्या. मामा म्हणतात तसंच. मी पाणी शिंपडलं, चरचर झाली, धूर गेला. आणि किती खोल जळलंय बघायला टोकाजवळ बोट फिरवलं.

बोट लाल झालं.

मी पुन्हा फिरवलं. काजळीखालून गेरूची रेघ आली.

गणिताच्या निकालाची यादी मी तीनदा वाचली होती, तसं तिसऱ्यांदा फिरवलं. तरी मी स्वतःला म्हटलं, मामांनी चुकून बुडाला मारली असेल रेघ. म्हणून मेढीच्या बरोबर मध्ये दोरी बांधली, आंब्याच्या फांदीवरून टाकून उचलली. बुडखा जड असतो, जी बाजू झुकेल ती बुडखा. मेढ दोनदा हेलकावली, मग न जळलेलं टोक सावकाश खाली गेलं. मी दोरी सोडून पुन्हा बांधली, बोटभर इकडं. पुन्हा तेच टोक खाली. पहाटेपासून उभं असलेलं माणूस बसावं तसं ते टोक बसलं.

खळ्यावरची माणसं जेवायला गेली होती. मी तिथं एकटाच उभा राहून हिशेब करत होतो, आणि हिशेबात तर मी नापासच. जळका भाग कापला तर मेढ दोन हात आखूड. तासून काढला तर शेंडा बारीक होणार, आणि छपराचं आढं तिथंच बसायचं. दुसरा साग आणायचा तर पुन्हा कागद, पुन्हा वर्ष. जशीच्या तशी लावली तर घराच्या मधोमध मसणातलं लाकूड. राहिलं एकच. उलटी लावायची. जळका शेंडा जमिनीत, बुडखा वर. वाळवी लागणार नाही, दिसणार नाही, गेरूची रेघ पुसून टाकायची. कोणाला कळणार?

मी रेघ पुसायला लागलो होतो तेवढ्यात आक्का भाकरी घेऊन आली.

तिनं मेढीकडं बघितलं, माझ्या लाल बोटाकडं बघितलं. ती सुताराची नाही, पण मेढ कशी रोवतात ते या गावात वाढलेल्या-नांदलेल्या कोणत्याही बाईला माहीत असतं.

“कुठलं टोक जाळलंस?”

मी मामांचा आवाज काढून काहीतरी बोलायला गेलो. ती हसली नाही. मग सांगितलं. उलटी लावायचं तेही सांगितलं.

ती खाली बसली. भाकरीचं फडकं उगाच सोडून पुन्हा बांधलं. “उलटी नको,” म्हणाली. “तुमी लावून जाल. मी रोज तिच्याकडं बघणार. पोर आजारी पडलं तरी बघणार, गाय मेली तरी बघणार. मी नाय राहू शकत तिच्याबरोबर.”

“मग काय करू सांग.”

“मला काय इचारतंस? शिकलंस ना तू वर्षभर?”

आणि खरंच, शिकलो होतो. मामांकडे एक जुना पाट होता, काळसर, हात फिरवला की लाकडाच्या रेघा बोटाला लागायच्या, जशा नदीच्या वाळूत लाटांच्या रेघा. त्यांनी एकदा सांगितलं होतं, तो पाट चुलीत पडून जळाला होता. त्यांच्या बापानं फेकला नाही. अख्खाच सारखा जाळला, मग घासघासून कोळसा काढला. लाकडात मऊ भाग असतो तो जाळानं आधी मरतो आणि घासला की निघून जातो. कडक रेघा राहतात, वर येतात. मग तेल. मी तो पाट फक्त बघितला होता. करताना नाही.

“अख्खीच जाळू?” मी विचारलं.

आक्का म्हणाली, “जाळ. पण हाताला काळं लागता कामा नये. रोवताना मी आणि ते दोघं तिला धरणार. हळदीचे हात. काळे झाले तर मला कुठं ठेवतील?”

तेव्हापासून मला त्या मेढीपेक्षा आक्काचे तळहातच डोळ्यांसमोर दिसायला लागले.

मी मेढ हात-हात करून जाळली. एका हाताचा भाग काळा झाला की पेंढा पुढं सरकवायचा. एकदा वारा आला आणि एका कोपऱ्यावर जाळ जास्त वेळ बसला. मी पाणी मारेपर्यंत तिथं नखाऐवजी बोटाच्या पेराएवढं आत गेलं. तिथंच आढ्याचा भार येणार का नाही ते मला ठरवता येईना. ते मनात ठेवून पुढं गेलो, दुसरं काय करणार.

मग घासणं. गोणपाटात भाताचं तूस घेतलं, ओलं केलं आणि लागलो. तूस फार खरखरीत, सोन्यालाही घासून काढील. पहिल्या वितीत मी आडवं घासलं, भांडं घासावं तसं, आणि लाकडावर ओरखडे उठले. मग आठवलं, रेघांच्या बाजूनं घासायचं, खालून वर, झाड वाढतं तसं. कोळसा निघायला लागला. काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत. खालून तांबूस काळा साग वर आला आणि त्याच्या रेघा बोटाला लागायला लागल्या. सुंदर होतं. पण मला सुंदर नको होतं, मला कोरडं स्वच्छ हवं होतं. दर थोड्या वेळानं मी माझ्या धोतराचा सोगा त्यावर दाबून बघायचो. काळा. पुन्हा घासायचं. पुन्हा सोगा. करडा. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी धसईहून परत आली. तोवर मी करंजाच्या तेलाचा पहिला हात देऊन मेढ उन्हात ठेवली होती. तिनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “ही काय काळी केलीस?”

आणि माझ्या तोंडातून आपोआप मामा बाहेर पडले. “मावशी, ही नवी तऱ्हा. कसाऱ्याला रेल्वेच्या सायबाच्या बंगल्यात सगळे खांब असेच. मामांनी सांगून ठेवलंय. बूडच जाळायचं ते गरिबांचं.”

“सायबाच्या बंगल्यात?”

“साक्षात.”

तिनं हात फिरवला. मी पुढं वाकलो. तिच्या बोटाला काळं लागलंय की नुसतं तेल, ते मला तेवढ्या अंतरावरून दिसेना. ती बोट नाकाशी नेऊन म्हणाली, “करंजाचा वास येतंय.” आणि गेली. संध्याकाळी शेजारच्या दोघी बंगल्याची मेढ बघायला आल्या. एकीनं आपल्या नवऱ्याला सांगितलं, आपली पण अशीच करायची. खोटं इतकं छान चाललं होतं की मला घाम फुटला, कारण सकाळी मामा कसाऱ्याहूनच येणार होते.

आक्कानं मात्र मला बघून कळशी उचलली. विहिरीवर पाण्याला निघाली तेव्हा मी मागं गेलो.

“चाललंय ना सगळं ठीक,” मी म्हटलं.

“तुझं चाललंय. तू उद्या गाडीत बसून जाशील. ती माणसं मला दर दिवाळीला इचारतील, त्या सायबाचं काय म्हणत होता तुझा भाऊस.” तिनं कळशी भरली. “आणि एखाद्या दिवशी कोणीतरी कसाऱ्याला जाऊन येईल.”

मुहूर्ताच्या सकाळी मामा आले. मेढीकडं बघितलं, मग माझ्याकडं. विडी पेटवायची राहिली. मावशी त्यांना म्हणाली, “सायबाच्या बंगल्यातल्यासारखी केलीय तुमच्या पोरानं.” मामांनी विडी कानावर खोचली. दोरी घेतली, मेढीच्या मध्ये बांधली, उचलून बघितली. बुडखा झुकला. त्यांनी शेंडा हातात घेतला, जास्त जळलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबला, दाबूनच ठेवला. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होतो. ते आता बोलतील, सगळं बाहेर येईल, आणि आमची गाडी बाहेरच उभी होती.

बोलली आक्का.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “बंगला-बिंगला काय नाय. यानं शेंडा जाळला. चुकून. म्हणून मग अख्खी जाळली. बुडखा खालीच हाय, मामांनी आता बघितला. मी सांगितलं त्याला, उलटी नको.”

खड्ड्याभोवतीच्या शेजारणी मेढ बघायला पुढं झाल्या. दाजी मातीकडं बघायला लागले. माझ्या मनात त्या क्षणी कोणाचाच आवाज नव्हता, माझाही नाही.

मावशी मेढीभोवती एक फेरी मारून आली. मग मला विचारलं, “जाळ कशाचा केलास?”

“पेंढ्याचा.”

“कुठल्या?”

“तुमच्याच खळ्यावरचा. या सालचा.”

“लाकूड नाय ना घातलंस जाळात? एक पण ढलपी?”

“नाय मावशी. लाकडाचा जाळ खोल जातंय. मामांनी सांगितलं होतं.”

“खरं सांगतंस?”

“आता खरंच सांगतंय.”

ती पुढं आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मेढीवर घासलं, जोरात, भांड्याचा तळ घासावा तसं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. ओरखडे उठलेल्या त्या पहिल्या वितीवर तिनं फारच वेळ घासलं. मग पदर उजेडात धरून बघितला. तेलाचा डाग होता. काळा नव्हता.

“मसणात लाकडाचा जाळ असतंय,” ती म्हणाली, मला नाही, शेजारणींना. “ही आमच्या भाताच्या जाळावर भाजलीय. चला, ऊन वर येतंय.”

खड्ड्यात हळद-कुंकू, तांदूळ, सुपारी टाकली. आक्का आणि दाजींनी हळदीचे हात मेढीला लावले आणि धरून राहिले. मामा, मी आणि चार माणसांनी ती सरळ केली, खाली सोडली, दगड-माती ठोकली. सगळा वेळ मी ओळंबा बघायच्या निमित्तानं आक्काच्या हातांकडं बघत होतो. तिनं हात सोडले तेव्हा स्वतःही बघितले. पिवळे होते. बोटांच्या पेरांत मेढीच्या रेघा उमटल्या होत्या, एवढी घट्ट धरली होती तिनं. मेढीवर पाच-पाच बोटं पिवळी, काळ्या लाकडावर.

दुपारी जेवणं झाली. मामा हात धुताना हळूच म्हणाले, “त्या कोपऱ्यावर फार आत गेलंय. आढं मी जरा बाजूला घेईन. तरी दोन पावसाळे बघावं लागंल.” त्यांनी शेपूट लावलं नाही. ते न लावलेलं मला जास्त लागलं. आणि खरं सांगतो, पुढचे दोन पावसाळे जोराचा वारा आला की मी शहापुरात अंथरुणातून उठून बसायचो.

मी बैल जुंपत होतो. जुन्या घरातून पितळी ताट आपटल्याचा आवाज आला, मग आक्काचा.

“आत्याबाई, तांदळाचं पीठ कुठं ठेवलंय?”

“वर्षात इसरलीस का?” मावशी आतूनच म्हणाली. “जिथं तू ठेवायचीस तिथंच हाय. मी कशाला हलवू?”